मुद्देमाल : एक भिंत

नाना टिपणीसांना कुणी "बसा" म्हटलं, की ते उभ्याउभ्याच विचारत, "का?"

यात उर्मटपणा नव्हता. माणूस अत्यंत सभ्य, आवाज मऊ, डोक्याला काळी टोपी आणि अंगात असा एक काळा कोट, की जो उन्हात हिरवा दिसे. त्यांना खरोखरच कारण हवं असे. "चालून आलात, पाय दुखले असतील," असं कुणी म्हणालं, की "हां, हे पटण्यासारखं आहे," म्हणून ते बसत. कारण न सांगता कुणी नुसताच पाट पुढे सरकवला, तर नाना पाटाकडे बघत उभे आणि यजमान नानांकडे बघत उभा, असं दृश्य आमच्या बदलापुरात बऱ्याच घरांनी पाहिलं आहे. पुढे पुढे लोकांनी त्यांना "बसा" म्हणायचंच सोडून दिलं.

आमच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना "जीभ बाहेर काढा," असं सांगितलं.

"कारण?"

"बघायची आहे."

"तक्रार पोटाची आहे. जीभ कशाला बघताय?"

पोटाचा आणि जिभेचा संबंध डॉक्टरांनी नानांना पटवून देईपर्यंत बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी एकाला बरं वाटू लागलं आणि तो घरी निघून गेला. हे डॉक्टर स्वतःच सांगत, तेव्हा त्यात थोडा मीठमसाला असणार. पण नानांची जीभ त्यांना शेवटी बघायला मिळाली, हे खरं. कारण पटलं की नानांइतका आज्ञाधारक माणूस नव्हता.

"हुकूम मानायला माझी ना नाही हो जोशी," ते मला म्हणत. "फक्त हुकूम देणाऱ्याला त्याचं कारण ठाऊक असावं. निम्म्या लोकांना नसतं. आपण विचारलं की त्यांचाच गोंधळ उडतो."

मी अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. तिथे फाटकातून आत शिरताना डबा उघडून दाखवावा लागे आणि बाहेर पडताना पुन्हा. मी वर्षानुवर्षं दाखवत आलो होतो, पण का, म्हणून कधी विचारलं नाही. हे नानांना सांगितलं, तेव्हा लंगड्या माणसाकडे आपण बघतो तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

नाना वकील होते. सनद हायकोर्टाची, बसणं मात्र कल्याणच्या कोर्टात. कल्याणच्या कोर्टात त्या काळी काम म्हणजे जमिनीचं. बांध, कूळ, भावाभावांच्या वाटण्या. असला अशील आला की नानांना जांभई येई आणि ते त्याला शेजारच्या वकिलाकडे धाडत. पण कुणाला कोंडलंय, कुणाला गावाबाहेर काढलंय, कुणाचं तोंड बंद केलंय असं कानावर आलं, की नाना ताठ होत. असे खटले रोज थोडेच येणार? आणि जे अशील येत, त्यांच्याकडे वकिलाला द्यायला काही नसे. पण देश स्वतंत्र झाला होता, नवी घटना लागू झाली होती, आणि ती आपल्यासाठीच खास छापून घेतली आहे, अशा आनंदात नाना होते. नवं लग्न झालेला माणूस जसा कुठलाही विषय बायकोवर आणून सोडतो, तसे ते कुठल्याही गोष्टीवरून घटनेवर येत.

खटले कमी पडले की नाना मिळेल ते घेत. आमचा घरमालक गोमा पाटील एकदा सकाळीच धावत आला.

"वकीलसायेब, माजी म्हस कोंडवाऱ्यान न्हेली. तिला सोरवा."

"कारण सांगितलं?"

"कारन कसला? भातान शिरली होती."

"भातात पकडली, की रस्त्यावर?"

"रस्त्यावं."

नाना कोट चढवून कोंडवाड्यावर गेले. म्हैस अटकेच्या वेळी सार्वजनिक रस्त्यावर होती, सार्वजनिक रस्त्यानं जाण्याचा तिला हक्क होता, आणि अटकेचं कारण तिच्या मालकाला वेळेत कळवण्यात आलेलं नाही, असं त्यांनी त्या राखणदाराला इंग्रजीतून आणि मग मराठीतून सुनावलं. तो बिचारा इंग्रजीतच गारठला होता. त्यानं फाटक उघडलं. म्हैस सुटली, ती तडक पुन्हा त्याच भातात शिरली.

"तो वेगळा खटला," नाना म्हणाले.

एकदा कसल्याशा चळवळीपायी आमच्या भागात जमावबंदीचा हुकूम आला. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये. आम्ही चौघं संध्याकाळी माझ्या ओट्यावर पत्ते खेळायचो. नाना खेळत नसत. ते नुसते येऊन खांबाला टेकून बसत. म्हणजे पाचवे नानाच. आता त्यांना उठा कोण म्हणणार, आणि म्हटलं तर कारण काय सांगणार? पण नाना आपणहून उठले. "कायदा मोडायचा नाही," म्हणाले, "पण तो कुठे संपतो ते शोधून तिथपर्यंत जायचं." ते रस्ता ओलांडून समोर गोमाच्या पायरीवर जाऊन बसले. बंदी उठेपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही चौघं इकडे पत्ते पिसत होतो आणि पलीकडे नाना एकटेच पायरीवर बसून आमच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवत होते.

एकदा जमादार फिरत आला. त्यानं आमची डोकी मोजली, मग समोर नानांकडे बघितलं.

"तुम्ही यांच्यातलेच का?"

"हो. पण मनानं," नाना म्हणाले. "मनाच्या जमावाला बंदी आलेली नाही."

जमादार डोकं खाजवत गेला. आम्ही हसलो. नानांच्या पत्नी वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बेळगावला होती, आणि संध्याकाळी त्या पायरीवर बसलेल्या माणसाला घरी जायची घाई का नसते, असा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणीच केला नाही.

याच नानांकडे एका सकाळी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला परसराम आला.

कॅम्प चार म्हणजे लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या बरॅकी. लढाई संपली, सैनिक गेले, आणि फाळणीनंतर त्याच बरॅकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. मधे गोणपाटाचे पडदे लावून एकेका बरॅकीत कितीतरी संसार थाटलेले. परसराम अशाच एका पडद्याआड म्हाताऱ्या आईबरोबर राहत होता. सिंधमध्ये त्याचं स्वतःचं छोटंसं वर्तमानपत्र होतं. इथं ना छापखाना, ना कागद. पण भिंत होती. नळासमोरच्या बरॅकीच्या आडव्या भिंतीवर तो रोज सकाळी कोळशानं बातम्या लिही. बायाबापड्या पाणी भरायला येत, नळाला पाणी नसे, तेवढ्या वेळात भिंत वाचून होई.

एका सकाळी परसरामनं भिंतीवर गुलाबांचं अभिनंदन केलं. कॅम्पाचं बघणारे जे साहेब होते, त्यांच्या बंगलीपुढे गुलाबांचा ताटवा होता. परसरामनं लिहिलं, की कॅम्पातल्या समस्त तहानलेल्या जनतेतर्फे साहेबांच्या गुलाबांचं हार्दिक अभिनंदन. आपल्याला दोन्ही वेळ पाणी मिळतं हे ऐकून आनंद झाला. पुढच्या जन्मी आम्हीही आपल्या जातीत यावं, असा आशीर्वाद द्यावा.

कॅम्पभर हशा पिकला. साहेबांना मात्र हसू आलं नाही. थोड्याच दिवसांत परसरामच्या हातात हुकूम पडला. त्याच्यामुळे शांतता धोक्यात आली आहे, सबब त्यानं ठाणे जिल्हा सोडून निघून जावं.

निघून जायला तो पुरुषमाणूस होता. पण म्हातारीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, चालणं बेताचं. एक घर सोडून आलेल्या त्या बाईला दुसरं सोडायला लावलं, तर ती वाटेतच राहायची. आणि तिला इथंच ठेवून गेला, तर तिच्या हातात पाण्याचा पेला कोण देणार? कल्याणच्या कोर्टाबाहेर त्याला कुणीतरी सांगितलं, की बदलापुरात एक वेडा वकील आहे, तो असली कामं घेतो.

परसराम आला तेव्हा मी तिथेच होतो. उंच, हाडकुळा, पायजमा आणि ढगळ सदरा. नानांनी त्याला आपल्या हिंदीत म्हटलं, "बैठो."

तो उभाच राहिला. "क्यों, साईं? खड़े-खड़े भी बता सकता हूँ."

नानांनी माझ्याकडे बघितलं. दूर देशात आपल्या गावचा माणूस भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुम चलके आया है. तुमारा पाय दुखता होयेंगा," नाना म्हणाले.

"हाँ, ये बात ठीक है," म्हणून परसराम बसला.

नानांनी हायकोर्टात अर्ज केला. निकाल लागेपर्यंत परसरामला जिल्ह्यात राहू द्यावं, पण त्यानं कॅम्पात पाऊल ठेवू नये आणि आपल्या वकिलाच्या घरी बदलापुरात राहावं, अशी तात्पुरती सोय कोर्टानं करून दिली. परसराम एक पत्र्याची ट्रंक घेऊन नानांकडे राहायला आला.

आणि आमच्या आळीला करमणूक मिळाली. दोघंही हट्टी. नाना सकाळी चहाच्या आधी कुणाशी बोलत नसत, परसराम चहा करता करता जगाच्या बातम्या सांगे. नानांच्या स्वयंपाकघरात कायद्याची पुस्तकं होती, ती परसरामनं उचलून बाहेर आणली आणि तिथे पीठ ठेवलं.

"नाना, खाना खा लो."

"कारण?"

"ठंडा हो रहा है. ये कारण."

"नाना, नहा लो."

"कारण?"

"पानी गरम है. बाद में ठंडा हो जाएगा, फिर आप बोलोगे ठंडा क्यों है."

मी ऐकत असे. आम्ही सगळ्यांनी नानांच्या "का?"चा धसका घेऊन त्यांना काही सांगायचंच बंद केलं होतं. हा माणूस दरवेळी, न चिडता, हातातलं काम न सोडता कारण सांगत होता. त्याला त्यात काही विचित्र वाटतच नव्हतं. नाना चार घास जास्त जेवू लागले. कोटाचं तुटलेलं बटण लागलं. कुणीही घरी आलं, की परसराम निखाऱ्यावर पापड भाजून पाण्याच्या पेल्याबरोबर पुढे ठेवी, ही त्यांच्याकडची पद्धत. त्या पापडांच्या ओढीनं आळीतली माणसं नानांच्या घरी जाऊन बसू लागली. पत्त्यांचा अड्डासुद्धा माझ्या ओट्यावरून तिकडे हलला. नाना "मला पत्ते येत नाहीत" म्हणत म्हणत परसरामचे पत्ते बघून त्याला सल्ले देत आणि हरवत.

सोमवारी दोघं अंबरनाथला शिवमंदिरात जात. नाना देवभोळे नव्हते. पण त्यांनी नकाशा मागवून खात्री करून घेतली होती, की मंदिर कॅम्पाच्या हद्दीत येत नाही. परसरामच्या शेजारची बाई म्हातारीचा हात धरून तिला कॅम्पातून हळूहळू तिथे आणी. मायलेक खांबाशी बसत. म्हातारी आधी लेकाच्या तोंडावरून हात फिरवी, मग मनगट दाबून बघी, की वकील याला खायला घालतो की नाही. नाना कोर्टाच्या हुकमाची नक्कल हातात घेऊन दाराशी उभे राहत, कुणी हटकलं तर असावी म्हणून. एकदा तोच, आमची डोकी मोजणारा जमादार आला.

"इथं काय चाललंय?"

"दर्शन."

"तुम्ही तर बाहेरच उभे."

"मी दर्शनाचं दर्शन घेतोय," नाना म्हणाले. जमादारानं हात जोडले. देवाला की नानांना, कळलं नाही.

मधल्या काळात या खटल्यात एक मौज निघाली. पोलिसांनी भिंतीचा रीतसर पंचनामा केला होता. त्यात मुद्देमाल म्हणून लिहिलं होतं, "एक भिंत". पण त्याच सुमारास वरून कुणी मोठे साहेब कॅम्प बघायला यायचे होते. त्यासाठी कॅम्पातल्या सगळ्या भिंतींना चुना मारायचा हुकूम निघाला, आणि जमादारानं हुकूम म्हणजे हुकूम, म्हणून मुद्देमालालाही चुना मारून घेतला. आता भिंत पांढरीफेक. त्यावर कुणी काय लिहिलं होतं, याचा जगात काही पुरावा उरला नाही.

कल्याणच्या वकिलांनी नानांची पाठ थोपटली. "टिपणीस, जिंकलात. अशिलाला सांगा, मी काही लिहिलंच नाही म्हणून. खलास."

नाना घरी आले. संध्याकाळी त्यांनी परसरामसमोर दोन्ही बाजू मांडल्या. नाही म्हणालास, तर नक्की सुटशील. हो म्हणालास, तर लढावं लागेल, आणि हरलो तर आईला इथं सोडून जावं लागेल. मी तुला काही सुचवणार नाही.

परसरामनं निखाऱ्यावरचा पापड उलटला.

"साईं, लिखा तो मैंने ही है. आज बोलूँ नहीं लिखा, तो कल फिर कैसे लिखूँगा?"

"म्हातारीचा विचार कर," मी मधे पडलो. मी सरकारी नोकर. मला हा वेडेपणा बघवेना.

"उसी ने बोला है," परसराम म्हणाला. "चूना लगा सुनके सोमवार को पूछा था मैंने. बोली, कोयला मेरी सिगड़ी का था, मैं झूठ नहीं बोलूँगी."

नाना उठून आत गेले आणि उगाचच पुस्तकं आवरत बसले.

हायकोर्टातल्या तारखेला मी रजा काढली. पुस्तकांचं ओझं उचलायला कुणीतरी हवं होतं. काम सुरू होताच सरकारी वकील उठले आणि कागद जमवायला म्हणून महिन्याभराची मुदत मागू लागले. अशा वेळी वकील सहसा हरकत घेत नाहीत, आज तुम्ही, उद्या आम्ही. न्यायमूर्तीही मान डोलावू लागले होते. तेवढ्यात नाना उभे राहिले.

"माझी हरकत आहे. अशिलाची आई कॅम्पात एकटी आहे आणि तो तिथून दूर माझ्या घरी. त्याला माझ्या घरी आणखी एक दिवससुद्धा राहावं लागणं हा अन्याय आहे."

"तुमच्या घरी त्याला काही त्रास आहे का?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"फार. मी त्याच्याबरोबर राहतो, मला ठाऊक आहे."

कोर्टात हसू उसळलं. मीही हसलो आणि अर्ध्यावर थांबलो. नाना हसत नव्हते. महिनाभर मुदत म्हणजे महिनाभर सकाळचा चहा, पापड, पत्ते, आणि "ठंडा हो रहा है, ये कारण". तो महिना सरकारी वकील नानांना फुकटात देऊ करत होते आणि नाना जिवाच्या आकांतानं नको म्हणत होते. हे त्या भरल्या कोर्टात मला एकट्याला कळलं, आणि कळून मी काहीही करू शकत नव्हतो.

न्यायमूर्तींनी जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच सुनावणी घेतली.

"भिंतीवर काय होतं?" त्यांनी विचारलं. सरकारी वकिलांनी चुन्याची हकीकत घशातल्या घशात सांगितली.

"मग श्री. टिपणीस, आपण काही लिहिलं नाही, असं तुमच्या अशिलाचं म्हणणं आहे का?"

"नाही. त्यानं लिहिलं आहे. हवं असेल तर इथं म्हणून दाखवील."

परसरामनं उभं राहून गुलाबांचं अभिनंदन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. दुभाषा भाषांतर करत होता आणि मधेमधे त्यालाच खोकला येत होता. न्यायमूर्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांच्या बाजूनं जे बसले होते त्यांच्याकडे वळून विचारलं, "यामुळे शांतता धोक्यात आली, असं तुमचं म्हणणं. कारण?"

हा शब्द हायकोर्टाच्या तोंडून, तोही इंग्रजीतून ऐकताना नानांचा चेहरा काय झाला, ते मी सांगू शकत नाही. त्यांनी टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता.

"लोक भिंतीसमोर जमतात," तिकडून उत्तर आलं.

"जमून काय करतात?"

"हसतात."

"आणि मग?"

"मग पाणी भरायला जातात."

मग नानांचा युक्तिवाद झाला. त्यात नाना फार छान बोलले, एवढंच मला कळलं, बाकीचा कायदा होता. हुकूम रद्द झाला.

परतीच्या गाडीत परसराम बसलाच नाही. दारातच उभा. अंबरनाथ आलं तशी त्यानं नानांच्या पायाला हात लावला, "साईं, अम्मा," एवढंच म्हणाला आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरून धावत सुटला. ट्रंक नेण्याचंही त्याला भान नव्हतं. आम्ही पुढे बदलापूरला उतरलो.

"निकाल चांगला लागला," वाटेत नाना म्हणाले.

"हो ना."

"फारच चांगला लागला," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली जड पुस्तकं काढून घेऊन पुढे चालू लागले.

दोन दिवसांनी परसराम येऊन ट्रंक घेऊन गेला. दर आठवड्याला येईन म्हणाला, आणि सुरुवातीला आलाही. मग त्यानं कॅम्पात छापखान्यासाठी खटपट सुरू केली, म्हातारी आजारी पडली, येणं राहिलं. यात कुणाचा काही दोष नव्हता. नानांच्या घरचे पापड संपले, पत्ते पुन्हा माझ्या ओट्यावर आले. पीठ ठेवलं होतं तिथे पुन्हा पुस्तकं गेली. आम्ही त्यांना मुद्दाम कारणं सांगायला लागलो, पण आमच्या कारणांत दम नव्हता. "नाना, चहा घ्या, गार होतोय," असं आमची ही एकदा म्हणाली, तर ते "असू दे," म्हणाले. कारण विचारलंच नाही, तेव्हा हिला भीती वाटली.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी, हिला पडद्याचं कापड घ्यायचं होतं म्हणून आम्ही कॅम्प चारमध्ये गेलो. बरॅकींच्या पुढे आता दुकानं उभी राहिली होती. कापडवाला गठ्ठे उलगडत होता आणि माझी नजर सहज समोर गेली. नळासमोर तीच भिंत. कोळशानं वरपासून खालपर्यंत भरलेली. पुढे घोळका, आणि घोळक्यात हिरवट काळा कोट.

मी जवळ गेलो. "नाना, तुम्ही इथे?"

ते दचकले. "मी? दुसऱ्या कामाला आलो होतो. वाटेत थांबलो."

"वाचता येतं तुम्हाला हे?"

"छे! सिंधी आहे. उजवीकडून डावीकडे, उलट्या बाजूनं लिहितात हो ते." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "वाचता कशाला यायला पाहिजे? लिहितोय ना अजून? ते बघायचं."

"परसरामला भेटलात का?"

"त्याला कामं असतात," नाना म्हणाले. "आणि आता खटला नाही काही. काय म्हणून जायचं?"

मी परत दुकानात आलो. कापडवाल्यानं सगळं बघितलं होतं.

"वो वकीलसाब हर इतवार को आते हैं, सेठ," तो हळूच म्हणाला. "पहले परसराम बाहर आता था, बोलता था घर चलो, अम्मा याद करती है. तो वो बोलते, दूसरा काम है, और भाग जाते थे. दो-तीन बार ऐसा हुआ. अब परसराम बाहर नहीं आता. बोलता है, मैं गया तो वो चले जाएँगे. ऐसे खड़े तो रहते हैं."

त्यानं बोटानं दाखवलं. भिंतीच्या कडेला बरॅकीच्या दारावर गोणपाटाचा पडदा होता. तो किंचित बाजूला सारलेला, आणि आत उंच, हाडकुळं कुणीतरी उभं होतं. त्याच्या खांद्याला धरून एक म्हातारी, कान बाहेर लावून.

"और हम सबको बोल के रखा है," कापडवाला म्हणाला, "वकीलसाब खड़े हों, तो जहाँ हँसने का आए वहाँ जोर से हँसना. उनको पढ़ना नहीं आता ना. पता तो चले कहाँ हँसना है."

एवढी वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी राहत होतो. मी त्यांना हाक मारायला निघालो, तर हिनं माझा हात धरून मला थांबवलं. आम्ही कापड घेतलं आणि त्यांना दिसणार नाही अशा बाजूनं निघालो. मागे भिंतीपाशी लोक खो-खो हसले, आणि त्यांचं हसणं ओसरल्यावर, एकटंच, नानांचं हसणं ऐकू आलं.